काष्ठशिल्प आणि श्रुतसेवा : लेखनपेटीपासून गृहदेरासरापर्यंत

जैन कला म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहतात ते आबू-देलवाड्याचे संगमरवरी घुमट, राणकपूरची स्तंभराजी, वेरूळची इंद्रसभा आणि श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची भव्य मूर्ती. ही सर्व दगडाची शिल्पे होत. परंतु या पाषाणवैभवाच्या मागे लाकडाची एक दीर्घ परंपरा उभी आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. लाकूड नश्वर आहे. अग्नी, वाळवी आणि ओल हे त्याचे तीन शत्रू. त्यामुळे जे टिकले ते थोडे आणि जे गेले ते अपार, अशी काष्ठशिल्पाची स्थिती आहे. तथापि ज्या ग्रंथांमुळे जिनवाणी आपल्यापर्यंत पोहोचली, ते ग्रंथ शतकानुशतके लाकडाच्या फळ्यांमध्ये, लाकडाच्या डब्यांमध्ये आणि लाकडाच्या पेट्यांमध्येच सुरक्षित राहिले, हे विसरून चालणार नाही. प्रस्तुत लेखात लेखनसाहित्य ठेवण्याच्या लहानशा पेटीपासून कोरीव गृहदेरासरापर्यंत या काष्ठपरंपरेचा मागोवा घेण्याचा मानस आहे.

परंपरेतील काष्ठाचे स्थान

जैन वाङ्मयात मूर्तिपूजेच्या प्राचीनतेचा विचार होतो तेव्हा ‘जीवंतस्वामी’ची कथा हमखास सांगितली जाते. भगवान महावीर दीक्षेपूर्वी राजप्रासादात ध्यानस्थ असता त्यांची चंदनकाष्ठाची प्रतिमा घडविली गेली, अशी परंपरा आवश्यकचूर्णीसारख्या ग्रंथांत आढळते. वीतभयपत्तनाचा राजा उदायन आणि उज्जयिनीचा प्रद्योत यांच्या आख्यानाशी ही प्रतिमा जोडलेली आहे. ती चंदनप्रतिमा आज उपलब्ध नसली, तरी मुकुट व अलंकार धारण केलेल्या जीवंतस्वामीच्या धातुमूर्ती बडोद्याजवळील अकोटा येथील निधीत सापडल्या असून त्यांतील प्राचीन मूर्ती सहाव्या शतकाच्या सुमारास ठेवली जाते. म्हणजे लाकडातील मूळ प्रतिमेची आठवण धातूने जपली, असे म्हणता येईल.

बृहत्कल्पभाष्यात मथुरा नगरीतील ‘मंगलचैत्यां’चा उल्लेख येतो. नवे घर बांधताना दाराच्या वरच्या भागी अर्हत्प्रतिमा स्थापन केली जाई आणि तिच्यामुळे घराचे रक्षण होते, अशी लोकांची श्रद्धा होती. गुजरातमधील जुन्या जैन घरांच्या दारांवर, गणेशपट्टीच्या जागी, तीर्थंकरमूर्ती किंवा मंगलचिन्हे कोरण्याची जी पद्धत दिसते तिचा धागा इतका मागे नेता येतो.

मुनिजीवनातही लाकडाला मान आहे. आचारांग सूत्रात साधूसाठी भोपळ्याचे, लाकडाचे आणि मातीचे पात्र ग्राह्य मानले आहे. धातूचा मोह वर्ज्य आणि हलके, साधे लाकूड मान्य, असा हा विवेक होय. श्वेतांबर साधुसाध्वींची काष्ठपात्रे, स्थापनाचार्य ठेवण्याची ‘ठवणी’, दिगंबर मुनींचा लाकडी कमंडलू, प्रवचनाचा पाट, शास्त्र ठेवण्याचा चौरंग ही सर्व त्याच परंपरेची नित्याची रूपे आहेत.

राजप्रश्नीय सूत्रातील लेखनसाहित्य

आजकाल मेजावर कागद, लेखण्या, कात्री, टाचण्या व्यवस्थित राहाव्यात म्हणून कप्प्याकप्प्यांचे लाकडी खोके ठेवण्याची पद्धत आहे. भेटवस्तू म्हणून अशी कोरीव खोकी मोठ्या प्रमाणावर विकली जातात. ही कल्पना पाश्चात्त्य कचेऱ्यांमधून आली, असा आपला समज असतो. पण लिहिण्याची साधने एकत्र, क्रमाने आणि परस्परांशी जोडून ठेवण्याचा विचार आपल्या आगमांइतका जुना आहे.

राजप्रश्नीय सूत्रात सूर्याभदेवाच्या विमानातील ‘पुस्तकरत्ना’चे वर्णन आले आहे. त्यात पत्रे, पत्रांच्या रक्षणासाठी वरखाली ठेवावयाच्या ‘कंबिया’ म्हणजे फळ्या, पत्रे ओवण्याचा दोरा, दोरा निसटू नये म्हणून बांधलेल्या गाठी, ‘लिप्पासन’ म्हणजे दौत, दौतीचे झाकण, दौत अडकविण्याची साखळी, शाई आणि लेखणी अशी यादी क्रमवार दिलेली आहे. ही सर्व साधने तेथे रत्ने व सुवर्ण यांची सांगितली आहेत, कारण ते देवलोकाचे वर्णन आहे. परंतु वर्णन करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पृथ्वीवरील लेखकाचीच सामग्री होती, याविषयी शंका नको. दौतीला झाकण हवे, साखळी हवी, पत्रांना वरखाली फळी हवी, या गरजा हाताने लिहिणाऱ्यालाच कळतात.

आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी (१८९५-१९७१) यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय जैन श्रमणसंस्कृति अने लेखनकला’ या गुजराती प्रबंधात या साधनांचा सविस्तर विचार केला आहे. जैन लेखनपरंपरेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकास आजही या ग्रंथापासूनच आरंभ करावा लागतो.

ज्ञानभांडारांतील काष्ठ

ताडपत्र लांब, अरुंद आणि ठिसूळ असते. ते गुंडाळता येत नाही, दुमडता येत नाही. त्यामुळे पोथीच्या मापाच्या दोन लाकडी पाटल्या वरखाली ठेवून, मध्ये पाडलेल्या छिद्रांतून दोरा ओवून पोथी बांधण्याची पद्धत रूढ झाली. पुढे या पाटल्यांवर चित्रे काढली जाऊ लागली. जेसलमेरच्या किल्ल्यातील ज्ञानभांडारात बाराव्या शतकातील अशा चित्रित पाटल्या जपून राहिल्या असून त्यांपैकी काहींवर खरतरगच्छाचे आचार्य जिनदत्तसूरी (१०७५-११५४) शिष्य-श्रावकांसह चित्रित केलेले आहेत. पश्चिम भारतीय चित्रशैलीच्या इतिहासातील अत्यंत प्राचीन नमुन्यांत या पाटल्यांची गणना होते. ज्या फळीचे काम केवळ पोथीचे रक्षण करण्याचे, तिनेच एका चित्रशैलीचा आरंभकाळ आपल्यासाठी राखून ठेवला.

चौदाव्या शतकानंतर कागद सर्वत्र रुळला. तरी जैन लेखकांनी पोथीचा आडवा आकार सोडला नाही. दोऱ्याच्या छिद्राची गरज संपली, तथापि पानाच्या मध्यभागी त्या छिद्राची जागा शोभेच्या ठिपक्याच्या रूपाने कायम राहिली. कागदावर सरळ ओळी याव्यात म्हणून लाकडी फळीवर समान अंतराने दोरे ताणून बसवीत. तिला ‘ओळियुं’ किंवा ‘फांटियुं’ म्हणत. या फळीवर कागद ठेवून हाताने दाबला की दोऱ्यांच्या खुणा कागदावर उमटत आणि शाईची एकही रेघ न मारता ओळी तयार होत. शाई काजळ, डिंक व हिराबोळ यांपासून घोटून केली जाई. लेखणी बोरूची असे. वाचताना ग्रंथ जमिनीवर किंवा मांडीवर ठेवून आशातना होऊ नये म्हणून घडीचे लाकडी व्यासपीठ वापरीत. एकाच फळीतून, मध्ये बिजागर न लावता, एकमेकांत गुंतलेले दोन पाय कापून काढणे ही सुताराच्या कौशल्याची कसोटी मानली जाई.

लिहून झालेले ग्रंथ वस्त्रात घट्ट बांधून लाकडी डब्यांत ठेवीत. डबा ग्रंथाच्या मापाचा असे. आत फार मोकळी जागा राहिली तर हवा आणि ओल शिरते, पाने हलतात, कडा झिजतात. डब्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवीत, म्हणजे किडींचा उपद्रव होत नसे. आणि वर्षातून एकदा, कार्तिक शुद्ध पंचमीला म्हणजे ज्ञानपंचमीला, भांडारे उघडून ग्रंथ बाहेर काढण्याची, झाडपूस करण्याची व वेष्टने बदलण्याची चाल होती. पावसाळा संपून हवा कोरडी झालेली असते, तेव्हाच ही पंचमी येते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते. आचार्य पुष्पदंत व भूतबली यांनी षट्खंडागम लिपिबद्ध केल्याची ती स्मृती. याच षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे मूडबिद्री येथे शतकानुशतके सांभाळली गेली. त्या टीकेचे हिंदी अनुवादासह संपादन डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीत हाती घेतले आणि १९३९ ते १९५९ या काळात १६ खंडांत ते प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील जैन समाजाला अभिमान वाटावा अशी ही घटना आहे. ताडपत्रे टिकली नसती, तर संपादनाला विषयच उरला नसता.

पुण्यविजयजींनी पाटण, खंभात, जेसलमेर येथील भांडारांची पुनर्रचना केली. शेठ कस्तुरभाई लालभाई यांनी अहमदाबाद येथे लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिराची उभारणी केली, तेव्हा मुनिश्रींनी आपल्याजवळील सुमारे १०,००० हस्तलिखिते त्या संस्थेच्या स्वाधीन केली. अशा संग्रहांमध्ये ग्रंथांबरोबर आलेल्या पाटल्या, डबे, दौती आणि लेखण्या यांनाही स्वतंत्र महत्त्व आहे, हे अभ्यासकांनी आता मान्य केले आहे.

पेढीवरची पेटी

भांडारातील डब्याचे संसारी भावंड म्हणजे पेढीवरील लेखनपेटी. गादी-तक्क्यावर बसून लिहिणाऱ्या मुनिमापुढे उतरत्या झाकणाचे बैठे लाकडी मेज असे. झाकणाच्या उतारावर वही ठेवायची आणि झाकण उचलले की आत रोजमेळ, खतावणी, हुंड्या व पत्रे. वरच्या सपाट पट्टीत दौतीसाठी गोल खाच, बोरूसाठी लांबट खाच, शाई टिपण्यासाठी वाळूची डबी आणि बोरू तासण्याची सुरी. कलमदान वेगळे असल्यास ते लांबट, सरकत्या झाकणाचे असे. आजच्या मेजावरील कप्प्यांच्या खोक्यात जे असते ते सर्व येथे होते, आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असल्याने अंधारातही हात तेथेच जाई.

दिवाळीच्या वहीपूजनात दौत-लेखणीची पूजा होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीचे, शालिभद्राच्या ऋद्धीचे स्मरण लिहून व्यापारी वर्षाचा प्रारंभ करतात. लक्ष्मी आणि सरस्वती यांची एकाच पाटावर पूजा करणाऱ्या समाजाला लेखनपेटी ही केवळ सोय वाटत नसे. हिशेब सचोटीने लिहिण्याची ती जागा होती.

एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि सुरत येथे एका निराळ्या प्रकारच्या पेट्यांचा उद्योग भरभराटीस आला. ‘सादेली’ या नावाने ओळखले जाणारे हे जडावकाम इराणातील शिराझहून सिंधमार्गे आले, असे मानले जाते. हस्तिदंत, आबनूस, पतंगाचे लाल लाकूड, हिरवे रंगविलेले हाड आणि कथील यांच्या बारीक, त्रिकोणी वा चौकोनी काड्या सरसाने जोडून त्यांची जुडी करीत. ती जुडी आडवी कापली की प्रत्येक चकतीवर तीच भौमितिक नक्षी मिळे. अशा पातळ चकत्या चंदनी किंवा अन्य लाकडी पेटीवर चिकटवीत. लेखनपेट्या, पाकिटांच्या पेट्या, पुस्तकांच्या घोड्या असे नाना प्रकार तयार होत. या कामात पारशी कारागिरांचे नाव विशेष झाले. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात हे काम मांडले गेले आणि पुढे ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने ते इंग्लंडात घरोघरी पोहोचले. दक्षिणेकडे सागर, सोरब, कुमठा या भागांतील गुडिगार कारागीर चंदनाच्या पेट्यांवर वेली, पशुपक्षी व देवदेवता इतक्या दाट कोरीत की लाकडाचा सपाट भाग दिसूच नये. उत्तरेत सहारणपूरचे शिसवी काम आणि काश्मीरचे अक्रोडाचे काम आजही याच परंपरेचे धागे पुढे नेत आहे.

कारागिराची रीत

कोरीवकामाचे गुण समजून घ्यावयाचे तर त्याची रीत थोडी जाणून घ्यावी लागते. पहिली गोष्ट लाकडाची निवड. सागात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी व पाणी यांना ते दाद देत नाही, म्हणून इमारत व मोठी शिल्पे सागाची. शिसव जड व कठीण, म्हणून जडावाला चांगले. चंदन घट्ट व एकसारख्या पोताचे, म्हणून सूक्ष्म कामाला योग्य. लाकूड कापून सावलीत पुरते वाळवावे लागते. ओले लाकूड कोरले तर पुढे ते आकसते आणि नक्षी तडकते.

त्यानंतर आराखडा फळीवर उतरवितात. प्रथम नक्षीच्या भोवतालची जमीन पटाशीने खोल नेतात, मग पाने-फुले-आकृती यांना उंचसखलपणा देतात आणि शेवटी बारीक हत्यारांनी शिरा, पाकळ्या, डोळे, वस्त्रांच्या चुण्या काढतात. लाकडाच्या रेषेच्या विरुद्ध हत्यार चालविले की कपची निघते, म्हणून कारागीर फळी फिरवीत राहतो. मोठ्या कामात प्रत्येक भाग वेगळा कोरून खाचा व खुंट्या यांनी जोडतात. लोखंडी खिळा गंजतो आणि लाकूड काळे पाडतो, म्हणून तो शक्यतो टाळतात. या पद्धतीचा आणखी एक लाभ असा की संपूर्ण मंडप उतरवून पुन्हा उभा करता येतो. हा लाभ पुढे एका अर्थी आपल्याला महाग पडला, ते आता पाहू.

पाटणचा लाकडी मंडप

मेरुतुंगाचार्यांच्या प्रबंधचिंतामणीत (इ. स. १३०५ च्या सुमारास) मंत्री उदयनाची एक हृद्य कथा आहे. युद्धावर निघालेला उदयन वाटेत शत्रुंजयावर दर्शनासाठी थांबला. तेव्हाचे मंदिर लाकडी होते. पूजा चालू असता एक उंदीर दिव्याची जळती वात तोंडात धरून बिळाकडे निघाला. पुजाऱ्यांनी ती सोडविली, पण उदयनाच्या मनात आले की एखाद्या दिवशी हे मंदिर अशाच एका वातीने भस्म होईल. पाषाणाचे मंदिर बांधीन असा त्याने नियम केला. युद्धात तो मृत्यू पावला आणि त्याचा पुत्र वाग्भट याने कुमारपालाच्या काळात, बाराव्या शतकात, ती इच्छा पूर्ण केली. लाकडाकडून दगडाकडे झालेल्या प्रवासाचे कारण या कथेत स्पष्ट दिसते. देवलोकासारखे मंदिर उभारावे या हौसेइतकीच, आहे ते टिकावे ही काळजी त्यामागे होती.

तरीही लाकडी मंदिरे बांधणे थांबले नाही. नगरांतील पोळींमध्ये, घरांच्या रांगेत, साधे दर्शनी रूप आणि आत अपूर्व कोरीवकाम अशी देरासरे उभी राहिली. त्यांतील श्रेष्ठ म्हणजे पाटणचे वाडी पार्श्वनाथ मंदिर. अकबराच्या राज्यकाळात, इ. स. १५९४ ते १५९६ च्या सुमारास, खरतरगच्छाच्या परंपरेत ते उभारले गेले. त्याच्या शिलालेखात गच्छाच्या आचार्यांची पट्टावली दिलेली आहे. मंदिराच्या मंडपावर सागवानी घुमट होता. एकात एक अशी वर्तुळे, मध्यभागी लोंबते कमळ, सभोवार वाद्ये वाजविणाऱ्या व नृत्य करणाऱ्या आकृती आणि आठ दिशांचे दिक्पाल. जेम्स बर्जेस व हेन्री कझिन्स यांनी उत्तर गुजरातच्या वास्तूंवरील आपल्या १९०३ सालच्या ग्रंथात या मंदिराची नोंद केली आहे.

आज हा घुमट पाटणला नाही. मूळ स्थानावरून उतरविला गेलेला तो मंडप न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभा आहे. लॉकवुड डी फॉरेस्ट आणि त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी १९१६ साली तो संग्रहालयास भेट दिला. तेथे तो उत्तम रीतीने जपला गेला आहे, हे खरे. लाकडावरील रंगाचे अवशेषही तेथे पाहावयास मिळतात. पण ज्या मूलनायकासमोर तो उभा होता त्यांच्यापासून तो हजारो मैल दूर आहे, हेही तितकेच खरे.

अहमदाबादची कोरीवकाम कंपनी

हे लॉकवुड डी फॉरेस्ट म्हणजे अमेरिकन चित्रकार व सजावटकार. १८८१ साली ते अहमदाबादेत आले आणि तेथील मगनभाई हठीसिंग यांच्या साहाय्याने त्यांनी ‘अहमदाबाद वुड कार्व्हिंग कंपनी’ सुरू केली. हठीसिंग घराणे आपल्याला परिचित आहे. दिल्ली दरवाजाबाहेरील १८४८ साली पूर्ण झालेले हठीसिंग देरासर हे त्याच घराण्याच्या धर्मभावनेचे स्मारक. एका बाजूला संगमरवरी जिनालय उभारणारे घराणे दुसऱ्या बाजूला शहरातील सुतारांना वर्षानुवर्षे काम देत होते, ही गोष्ट आवर्जून नोंदविण्यासारखी आहे.

कंपनीचे मिस्त्री जुन्या हवेल्यांच्या व मशिदींच्या जाळ्यांवरून नमुने घेत आणि त्यांतून पडदे, टेबले, आसने, भिंतीचे तक्ते तयार करीत. न्यूयॉर्कमधील पूर्व दहाव्या रस्त्यावरील डी फॉरेस्ट यांच्या १८८७ च्या घराचा सागवानी झरोका आणि अँड्र्यू कार्नेगी यांच्या वाड्यातील ग्रंथदालन यांत या कामाचे दर्शन घडते. कार्नेगींचा तो वाडा आता कूपर ह्यूइट संग्रहालय आहे. म्हणजे अहमदाबादच्या पोळींतील कारागिरांच्या हातची नक्षी जगातील एका अत्यंत धनाढ्य गृहस्थाच्या ग्रंथांना सोबत करीत होती. त्या तक्त्यांवर कोरणाऱ्यांची नावे मात्र नाहीत. देणगीदारांची नावे शिलालेखांत, आश्रयदात्यांची नावे ग्रंथांत, आणि कारागीर अनामिक, हा आपल्या इतिहासाचा दोष येथेही दिसतो.

महाराष्ट्रातही असे काम विपुल होते. वाड्यांचे खांब, तुळया, महिरपी आणि देवघरे यांवर उत्तम नक्षी असे. नाशिकच्या एका वाड्यातील लाकडी खांबांचे वर्तुळ मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या मध्यवर्ती दालनात बसविलेले आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारांबरोबर दौतींसारख्या नित्याच्या वस्तूही प्रेमाने जमविलेल्या आहेत. गुजरात-राजस्थानातून महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांनी आपली लहान गृहदेरासरे बरोबर आणली. खांब, तोरणे, घंटासाखळ्या, चौदा स्वप्ने आणि अष्टमंगले कोरलेले हे छोटे देव्हारे म्हणजे मोठ्या मंदिराचीच लहान प्रतिकृती होय.

कर्मादान आणि कारागिरी

येथे एका अवघड प्रश्नाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या प्रकरणी श्रावकाने वर्ज्य करावयाचे १५ व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही त्यांचा निर्देश आहे. त्यांत ‘वनकर्म’ म्हणजे वनस्पतींच्या तोडीवर चालणारा धंदा, ‘दंतवाणिज्य’ म्हणजे हस्तिदंतादिकांचा व्यापार आणि ‘लाक्षावाणिज्य’ म्हणजे लाखेचा व्यापार यांचा समावेश होतो. आता आपण ज्या पेट्यांचे कौतुक केले त्यांत लाकूड तर आहेच, पण जडावात हस्तिदंत आणि खरादी कामात लाखही आहे. मग या कलेचा गौरव श्रावकाने कसा करावा?

याचे उत्तर इतिहासानेच अंशतः दिले आहे. हस्तिदंताविषयी देशाच्या कायद्याला अखेर तेच म्हणावे लागले, जे शास्त्रकारांनी फार पूर्वी म्हटले होते. वन्यजीव संरक्षण अधिनियमात १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. तेव्हा जुनी हस्तिदंती पेटी संग्रहालयात अभ्यासावी, पण नव्याची हौस धरू नये, हे उघड आहे.

लाकडाचे तसे नाही. गृहस्थाला घर, पाट, पेटी यांवाचून चालत नाही. येथे धर्म मर्यादा शिकवितो. जुने, पडके, एकदा कापलेले लाकूड पुन्हा वापरावे, लागेल तितकेच घ्यावे, आणि जे केले ते पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असे करावे. शंभर वर्षे वापरात राहणाऱ्या एका कोरीव पेटीसाठी जितके झाड लागते त्याहून अधिक लाकूड दर पाच वर्षांनी फेकल्या जाणाऱ्या हलक्या सामानात वाया जाते. या दृष्टीने पाहता उत्तम कारागिरी ही अल्पहिंसेची सोबतीण ठरते.

आपल्यापुढील काम

गेल्या काही दशकांत आपल्या समाजात जीर्णोद्धाराचे कार्य मोठ्या उत्साहाने चालू आहे. संगमरवर सुंदर असतो, टिकाऊ असतो आणि त्यामागील भावही उदात्त आहे. परंतु जीर्णोद्धाराच्या वेळी उतरविलेले लाकडी खांब, दारे, घुमटाच्या पट्ट्या, जुन्या ग्रंथपेट्या यांचे पुढे काय होते, हे विचारणारा विश्वस्त विरळा. पुष्कळदा हे सामान अडगळीत पडते, तेथे वाळवी लागते, आणि मग ते भंगाराच्या भावाने जाते. काही वर्षांनी तीच वस्तू दूरच्या शहरात अमोल ठरते. पाटणच्या मंडपाची कथा केवळ जुन्या काळाची नाही.

या संदर्भात काही सोप्या गोष्टी प्रत्येक संघाला, प्रत्येक ट्रस्टला करता येतील. एक, जीर्णोद्धार सुरू होण्यापूर्वी सर्व लाकडी कामाची छायाचित्रे व मापे घ्यावीत आणि प्रत्येक भागास क्रमांक द्यावा. दोन, जुन्या नक्षीवर तैलरंगाचे थर चढवू नयेत. त्यांनी खाचा बुजतात व मूळ रंगाचे अवशेष कायमचे नष्ट होतात. तीन, ग्रंथ पोलादी कपाटात हलविले तरी त्यांच्या मूळ पाटल्या व डबे ग्रंथांपासून वेगळे करू नयेत. पाटलीवरील चित्र किंवा डब्यावरील नोंद हा कधीकधी त्या ग्रंथाच्या इतिहासाचा एकमेव पुरावा असतो. चार, १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही, आणि हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, याची माहिती विश्वस्तांना असावी. पाच, हस्तलिखितांच्या नोंदणीसाठी २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले आणि २०२५ साली केंद्र सरकारने ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची योजना जाहीर केली. आपल्या भांडारांनी अशा कार्यात मोकळ्या मनाने सहभागी व्हावे.

आणि शेवटी कारागिरांविषयी. देरासरात नवा पाट, चौरंग, ग्रंथपेटी किंवा व्यासपीठ करावयाचे असेल तेव्हा ते हाताने काम करणाऱ्या सुताराकडून करवून घ्यावे आणि त्या वस्तूच्या मागील बाजूस देणगीदाराच्या नावाखाली त्याचेही नाव व वर्ष कोरवून घ्यावे. तपस्वींच्या पारण्याला, विद्यार्थ्यांच्या सत्काराला आपण नाना भेटवस्तू देतो. त्यांत लेखण्या व वही ठेवण्याची एक चांगली लाकडी पेटी दिली, तर ज्ञानाचा मानही राहील आणि एका घराची चूलही पेटती राहील.

ज्ञानपंचमी असो वा श्रुतपंचमी, त्या दिवशी आपण ज्ञानाची पूजा करतो. येत्या पंचमीला आपल्या घरातील, देरासरातील वा बस्तीतील जुनी लाकडी पेटी एकदा उघडून पाहावी. तिच्यावरील धूळ मऊ कोरड्या वस्त्राने पुसावी, आतील पानांना सावलीत हवा द्यावी, वेखंडाची नवी पुरचुंडी ठेवावी आणि आत काय आहे त्याची एका कागदावर यादी करून ती विश्वस्तांकडे द्यावी. पूर्वजांनी जपले म्हणून आपल्याला वाचावयास मिळाले. पुढच्यांना मिळावे एवढे आपण करावे.

जय जिनेंद्र.